दुबार नावे

सार्ताई तळ्याच्या अलीकडची मधपाळ सोसायटी
आणि पलीकडची,
दोघींचं फेब्रुवारीत लग्न लागलं.
हुंड्यात मध गाळायचं एक यंत्र आलं,
थोडं कर्ज,
आणि टपालाची यादी.

दोन्ही याद्या माझ्या टेबलावर.
आमची अकराशे त्रेचाळीस नावं, त्यांची आठशे शहाण्णव.
बेरीज तिथल्या तिथे झाली.
वजाबाकीला तीन आठवडे लागले.

बटण असतं एक: दुबार नोंदी काढा.
दाबलं. सात गेल्या.
सातच,
कारण संगणकाला सारखं म्हणजे तंतोतंत सारखं लागतं
आणि आमच्याकडे तंतोतंत कुणीच नाही.
आमचा शाकेनास त्यांच्याकडे साकेनास.
त्यांचे हिशेबनीस यूर्गिस (आता नाहीत)
अक्षरांवरच्या टोप्या लिहीतच नसत.
जन्मात कुणाला टोपी घातली नाही त्यांनी,
अक्षरांनासुद्धा.

मग बायका.
आमच्या आडनावाचं शेपूट लग्नात बदलतं.
आधी कळतं कुणाची मुलगी,
नंतर कुणाची बायको.
एकच बाई, एकच फोन, दोन ओळी.
दोनशेचौतीसाव्या ओळीवर मीच सापडले:
अलीकडे मुलगी, पलीकडे बायको.
कोणती ठेवू, असं पडद्यावर आलं.
मी चहा टाकायला उठले.

गुरं मरतात आमच्या भाषेत.
मधमाशी वारते,
तिला माणसाचं क्रियापद आहे.
यादीत मात्र कुणीच वारत नाही.
यूर्गिसना अजूनही
दर वसंतात कॅटलॉग जातो, टोपीशिवाय.

मार्चअखेर हात बसला होता.
ओ. शाकेनिएने, घर क्रमांक चार.
ओ. शाकेनिएने, घर क्रमांक चार.
एक काढली.
सत्त्याऐंशी सेंट वाचले, तसं वहीत लिहिलं.

एप्रिलात फोन.
म्हातारा आवाज, जरा चढा:
पाकीट एकच आलंय. कुणाचं?
तुमचंच, मी म्हटलं.
कोणत्या ओचं?

तर ओतिलिया सासू आणि ओदेता सून.
घर एक, उंबरा एक, चुली दोन,
नऊ वर्षं बोलणं नाही.
मुलगा गेला तेव्हा पेट्या वाटून घेतल्या,
आठ हिच्या, आठ तिच्या,
मध्ये सफरचंदाचं एक झाड, ते कुणाचंच नाही.
एका पोळ्यात दोन राण्या टिकत नाहीत
हे दोघींना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक.

चूक माझी, मी म्हटलं, दुसरं आजच टाकते.
पलीकडे शांतता.
मग कुणीतरी काहीतरी बोललं,
त्या आवाजात नाही,
जरा लांबून, भांडं ठेवता ठेवता.
काय ते कळलं नाही.
राहू दे, म्हातारी म्हणाली,
आणि फोन ठेवला.

मे महिन्यात मागणीपत्र आलं.
निळ्या शाईत, थरथरत: मेणपत्रे, वीस.
ते पेन्सिलीने खोडून: तीस.
तीस खोडून, पुन्हा शाईत: पंचवीस.
त्याखाली पेन्सिलीची एक टिकली, नुसतीच,
बोट टेकवावं तशी.
धुरळणी: एक पुरे.
हे एक पुरे कुणाचं अक्षर, सांगता येत नाही,
डबा सांडून कागद तिथे चिकट झालाय.
सही ओ. शाकेनिएने.

पंचवीस पाठवले.
त्यांची एकच ओळ ठेवली आहे.

माझ्या अजून दोन आहेत.
दोन्ही पाकिटं मीच भरते,
मीच चिकटवते,
आणि चौथ्या दिवशी पोस्टमन राम्बीनास
ती माझ्या दारात आणून देतो,
एकावर एक ठेवून,
काही न विचारता.